सँडविच हवं, सँडविचवाला नको

मुंबईच्या मध्यमवर्गीय माणसाला देवाने दोन जिभा दिलेल्या आहेत. एक खायची आणि एक बोलायची. खायची जीभ संध्याकाळी साडेसहाला स्टेशनाबाहेरच्या सँडविचच्या गाडीपाशी आपोआप ओली होते. बोलायची जीभ रविवारी सकाळी दहाला सोसायटीच्या सभेत कोरडी ठणठणीत असते आणि ‘या फेरीवाल्यांचा कायमचा बंदोबस्त झाला पाहिजे’ असा ठराव मांडते. दोघी एकाच तोंडात नांदतात, पण जावाजावांसारख्या. एकमेकींशी बोलत नाहीत. त्यांची एकदा समोरासमोर गाठ घालून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधीच सांगून टाकतो, मी सँडविचवाल्याच्या बाजूचा आहे. ज्यांना निःपक्षपाती लेख वाचायचा असेल त्यांनी खुशाल पुढचं पान उघडावं. मी अर्थशास्त्रज्ञ नाही, नगररचनाकार नाही, कुठल्या युनियनचा पुढारी तर नाहीच नाही. या विषयातला माझा अधिकार पोटापुरता आहे. पण तो मात्र पुरेपूर आहे. चर्चगेटपासून बोरिवलीपर्यंत आणि बोरीबंदरापासून मुलुंडपर्यंत मी गाड्यांवरची सँडविचं खात आलो आहे. हार्बर लाइनवरही माझे हितसंबंध आहेत.

लोकांना वाटतं, सँडविच म्हणजे सँडविच. त्यात बघायचं काय? अहो, ते दर दोन स्टेशनांना बदलतं. फोर्टात दुपारी एक ते दोनच्या दरम्यानचा सँडविचवाला ऑपरेशनच्या टेबलाशी उभ्या असलेल्या सर्जनासारखा असतो. बोलत नाही. समोर दहाजण उभे असतात. कुणाचं साधं, कुणाचं टोस्ट, कुणाचं कांद्याशिवाय, कुणाचं तिखट जास्त. हे सगळं तो कुठेही न लिहिता लक्षात ठेवतो आणि ज्याचं त्याच्या हातात ठेवतो. सरकारी कचेरीत एवढ्या कामाला तीन खिडक्या आणि एक ‘जेवणाची सुट्टी’ अशी पाटी लागते. पार्ल्याला कॉलेजांच्या समोर जावं, तर तिथे सँडविचवर चीज इतकं किसून घालतात की खालचं सँडविच उकरून काढावं लागतं. घाटकोपरला गाडीवर पहिला प्रश्न ‘जैन?’ असा असतो. हो म्हटलं की कांदा-बटाटा रजेवर जातो आणि बटाट्याच्या जागी उकडलेलं कच्चं केळं इतक्या बेमालूम हजर होतं की, बटाट्यालाही आपल्या नोकरीची काळजी वाटावी. दादरला मात्र सँडविच खाणारा माणूस वडापावच्या गाडीकडे पाठ करून उभा राहतो. ते साहजिक आहे. 1966 साली याच दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी वडा आणि पाव यांचं लग्न लावून दिलं असं मानलं जातं. तिथे उभं राहून काकडीचं सँडविच खायचं म्हणजे थोडी फितुरी केल्यासारखंच वाटणार.

आता त्याचं दुकान बघा. एक फळी, तिच्यावर पावाच्या लाद्यांची थप्पी, लोण्याचा डबा, हिरव्या चटणीचं भांडं, मसाल्याची बाटली, आणि ओल्या फडक्याखाली उकडलेले बटाटे, बीट, काकडी, टोमॅटो, कांदे. ही झाली त्याची पंचमहाभूतं. सुरी एकच. पाटावर भाजी चिरायची भानगड नाही. काकडी डाव्या हातात, सुरी उजव्या हातात, आणि चकत्या थेट पावावर पत्ते पिसल्यासारख्या पडत जातात. लोणी कडेपर्यंत, चटणी कोपऱ्यापर्यंत. घरी सँडविच करताना आपण नेहमी मध्यावर लोणी फासतो आणि कडा नशिबावर सोडतो. तो तसं करत नाही. वर जिरं, बडीशेप, काळं मीठ आणि ज्याचं नाव तो सांगत नाही असं काहीतरी मिळून केलेला मसाला. टोस्ट हवा असेल तर लांब दांड्यांचा लोखंडी साचा शेगडीवर आलटून पालटून धरायचा. मग सुरीचे तीन वार, सहा तुकडे, वर शेव. सगळं मिळून चार मिनिटं. ‘काका, चटणी और?’ हा प्रश्न तो आपण मागण्याच्या आधी अर्धा सेकंद विचारतो. माझ्या माहितीत इतकं मनकवडं दुसरं कुणी नाही, आणि मी संसारी माणूस आहे.

या पदार्थाचा खानदानी इतिहासही आहे. अठराव्या शतकात इंग्लंडात जॉन माँटेग्यू नावाचे सँडविच गावचे चौथे अर्ल होऊन गेले. जुगाराच्या टेबलावरून उठायला नको म्हणून त्यांनी पावाच्या दोन तुकड्यांत मांस घालून मागवलं, अशी गोष्ट सांगतात. हे गृहस्थ आरमाराचे प्रमुख होते. कॅप्टन कुकने 1778 साली हवाई बेटांना त्यांचंच नाव दिलं होतं. बेटांवरून ते नाव पुसलं गेलं, पावावरचं टिकलं. आज दलाल स्ट्रीटच्या आसपासच्या गल्ल्यांत एका हातात सँडविच आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून शेअरचे भाव बघणारी माणसं पाहिली की, अर्लसाहेबांचं घराणं आपण मुंबईकरांनी किती निष्ठेने चालवलं आहे, हे ध्यानात येतं.

इथे कुणीतरी हमखास घसा खाकरतो आणि मुद्दा काढतो, ‘ते सगळं ठीक आहे हो, पण हे गाडीवाले बाहेरून आलेले!’ चला, हाही हिशेब करून टाकू. बटाटा, टोमॅटो आणि मिरची हे तिघे अमेरिका खंडातून आले, पोर्तुगिजांच्या जहाजांतून. ‘बटाटा’ हा शब्दसुद्धा आपण पोर्तुगिजांकडून घेतला, आणि ‘पाव’ही. बीट युरोपकडचं. कांदा मध्य आशियातला. आपली कोथिंबीर, जिच्यावाचून आपलं पोह्यापासून पिठल्यापर्यंत पान हलत नाही, तीही भूमध्य समुद्राकडून आलेली पाहुणी. लोणी आणंदचं. तेव्हा बाहेरच्यांना बाहेर काढायचं ठरवलंच, तर सँडविचमध्ये अस्सल भूमिपुत्र म्हणून उरते एकटी काकडी. तिचं मूळ घर हिमालयाच्या पायथ्याशी आहे, म्हणजे तिलाही मुंबईत अधिवासाचा दाखला मागता येईल. एवढ्या सगळ्यांना एका चटणीने सांधून त्यांचा मुंबईकर करतो तो सँडविचवाला, आणि परका ठरतो तोच!

खऱ्या लढाईचं मैदान मात्र सोसायटीची सभा हे आहे. तिथे सँडविचवाल्याविरुद्ध तीन आरोप ठेवले जातात. पहिला अस्वच्छतेचा, दुसरा फुटपाथचा आणि तिसरा ‘हे लोक कर भरत नाहीत’ हा. एकेक घेऊ.

अस्वच्छतेचा आरोप करणारे आमचे एक शेजारी मॉलमधलं सँडविच खातात. ते तीनशे रुपयांच्या घरात जातं आणि करणाऱ्याच्या हातात मोजे असतात. मी एकदा कौतुकाने बघत उभा राहिलो. त्याच मोज्याने त्या मुलाने पाव उचलला, फोन उचलला, फ्रीजचं दार उघडलं आणि कपाळावरचा घाम पुसला. मोजा स्वच्छ राहिला असेल, आतला हात तर नक्कीच. शिवाय हॉटेलांच्या स्वयंपाकघराच्या दारावर ‘आत येण्यास मनाई आहे’ असं लिहिलेलं असतं. ते उगीच नसावं. सँडविचवाल्याचं स्वयंपाकघर म्हणजे उघडी रंगभूमी. नासका टोमॅटो लपवायला त्याच्याकडे विंगच नाही. पाण्याची अडचण खरी आहे, कबूल. त्याला नळ नाही. तो घरून कॅनमधून पाणी आणतो, आणि संध्याकाळपर्यंत ते पुरवून वापरतो. पण नळ मागायला गेला तर ‘तू इथे आहेस याचा कागद दाखव’ म्हणतात, आणि कागद मागायला गेला तर ‘तू इथे असायलाच नकोस’ म्हणतात. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात गाडीवाल्याचीही नोंदणी करायची तरतूद आहे. म्हणजे कायद्याच्या मते तो अन्न विकणारा माणूस आहे. फक्त तो उभा कुठे राहतो, हे दुसऱ्या कायद्याने विचारायचं.

फुटपाथचं म्हणाल, तर तिथे मी पुढारीपणा करणार नाही. फुटपाथ चालणाऱ्याचा, यात शंका नाही. काठी टेकत येणाऱ्या आजींना सँडविचच्या रांगेला वळसा घालून रस्त्यावर उतरावं लागत असेल, तर ती गाडी तिथून सरकली पाहिजे. पण सरकवायला निघालोच आहोत तर सगळंच मोजू. आमच्या रस्त्याच्या फुटपाथवर दुकानांनी वाढवलेल्या पायऱ्या आहेत, टेलिफोनच्या पेट्या आहेत, एका सोसायटीने शोभेसाठी ठेवलेल्या कुंड्या आहेत आणि दोन चाकं वर चढवून उभ्या केलेल्या मोटारी आहेत. एक लहान मोटार साडेसहा-सात चौरस मीटर जागा खाते. तेवढ्यात सहा सँडविचवाले सुखाने मावतील. ते सहा घरं चालवतात. मोटार उभी असते तेव्हा कुणालाच चालवत नाही. पण मोटारीवर ठराव आल्याचं मी ऐकलेलं नाही, कारण ठराव लिहिणाऱ्याची किल्ली खिशात असते.

आता कर. तो लोणी घेतो, चीज घेतो, गॅस घेतो. त्यावरचा कर दुकानदार त्याच्याकडून कापून घेतल्याशिवाय राहत नाही. आणि पावती न मिळणारा एक कर असतो, त्याला मराठीत हप्ता म्हणतात. तो कुणाला जातो हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून कुणी सांगत नाही. ज्या दिवशी त्याला परवाना मिळेल त्या दिवशी तो हाच पैसा पावती घेऊन सरकारात भरेल, आणि काही लोकांच्या घरचं बजेट कोसळेल. परवाना का मिळत नाही याचं कारण कुठे शोधायचं, ते सुज्ञांस सांगणे न लगे.

बरं, कायदा काय म्हणतो? 1989 साली सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर धंदा करणं हाही, वाजवी निर्बंधांसह, मूलभूत हक्क आहे असं मान्य केलं. 2003 साली त्याच न्यायालयाने मुंबईसाठी नियम आखले. फेरीवाल्याला एक मीटर बाय एक मीटर जागा. देवळं-मशिदी, शाळा आणि इस्पितळं यांच्यापासून 100 मीटरच्या आत तो नको. मंडई आणि रेल्वे स्टेशनपासून 150 मीटरच्या आत नको. वाचायला रास्त वाटतं. पण एकदा कंपास घेऊन बसा. गिरगावचा किंवा दादरचा नकाशा घ्या आणि प्रत्येक देवळाभोवती, शाळेभोवती, दवाखान्याभोवती, मंडईभोवती आणि स्टेशनाभोवती वर्तुळं काढा. मी हा उद्योग एका पावसाळी दुपारी केला. वर्तुळांची जाळी पुरी झाल्यावर सँडविचवाल्याला उभं राहायला मोकळी जागा उरली ती अरबी समुद्रात.

29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. त्या दिवसाबद्दल थट्टा करायची नाही. पाऊस कोसळत होता, पूल अरुंद होता, आणि तो अरुंद आहे हे रोज त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. पण नंतरच्या दिवसांत सगळ्यांत आधी हलले ते स्टेशनांबाहेरचे फेरीवाले. उच्च न्यायालयानेही त्याच साली 150 मीटरची मर्यादा कायम ठेवली. जिने आणि पुलांची तोंडं मोकळी असलीच पाहिजेत, त्यावर वाद नाही. पण त्या स्टेशनवरच्या गर्दीचा जीव मोकळा झाला तो नव्या पुलाने. लष्कराने बांधला तो, 2018 च्या फेब्रुवारीत खुला झाला. पूल बांधायला अक्कल, पैसा आणि वेळ लागतो. गाडी उचलायला एक ट्रक पुरतो. म्हणून आपल्याकडे आधी ट्रक येतो.

2014 साली तर संसदेने फेरीवाल्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. शहरातल्या फेरीवाल्यांची मोजणी करा, दर पाच वर्षांनी पुन्हा करा, मोजणी होईपर्यंत कुणाला हटवू नका, हटवायचंच तर तीस दिवस आधी नोटीस द्या, आणि जागा ठरवायला एक समिती नेमा, जिच्यात निदान 40 टक्के सभासद फेरीवाल्यांनी निवडून दिलेले असतील. कायदा वाचून मला गहिवरून आलं. मुंबईतल्या फेरीवाल्यांना त्या समितीसाठी मतदान करायला 2024 चा ऑगस्ट उजाडला. दहा वर्षं! एवढ्या वेळात सँडविचवाला किती सँडविचं करतो याचा हिशेब मी सोडून दिला. त्यातच 2020 साली, कोरोनात धंदे बसले तेव्हा, केंद्र सरकारने फेरीवाल्यांना दहा हजार रुपयांचं कर्ज द्यायची योजना काढली. चांगली योजना. म्हणजे एका हाताने सरकार म्हणतं, ‘घे बाबा, गाडी नीट कर’, आणि ती नीट केलेली गाडी दुसरा हात ट्रकमध्ये चढवतो. कर्जाचा हप्ता एकीकडे, दुसरा हप्ता दुसरीकडे.

आम्हा मध्यमवर्गीयांचा गळा काढायचा एक ठरावीक विषय असतो, तो म्हणजे इराणी. एखादं इराणी हॉटेल बंद पडलं की आपण लेख लिहितो, संगमरवरी टेबलांच्या आठवणी काढतो, ब्रून-मस्क्याच्या नावाने डोळे पुसतो. काढावेतच गळे, कयानीसारखं 1904 सालचं हॉटेल हा शहराचा दागिना आहे. पण इराणीसुद्धा एके काळी बाहेरून आलेला, कोपऱ्यावरची जागा धरून पाव-मस्का-चहा विकणारा माणूसच होता. त्याला भिंती मिळाल्या, छप्पर मिळालं, म्हणून तो ‘वारसा’ झाला. सँडविचवाल्याला भिंती नाहीत, म्हणून तो ‘अतिक्रमण’ झाला. त्याची गाडी उचलली जाते त्या दिवशी लेख येत नाही. दुसऱ्या दिवशी आपण स्टेशनाबाहेर पडतो, रिकाम्या जागेकडे क्षणभर बघतो, ‘अरेच्चा, आज नाही वाटतं’ म्हणतो आणि भुकेल्या पोटी रिक्षाच्या रांगेत उभे राहतो.

आणि त्या गाडीवर खातं तरी कोण? मी शेजारी उभ्या असलेल्यांकडे बघतो. पाठीवर चौकोनी पिशवी लावून दुसऱ्यांची जेवणं पोचवणारा मुलगा, ज्याला स्वतःला बसून जेवायला वेळ नसतो. बारा तासांच्या पाळीचा वॉचमन. विरार लोकलमध्ये शिरण्याआधी चार घास पोटात ढकलणारी, कॉलसेंटरमधून सुटलेली मुलगी. चाळीस-पन्नास रुपयांत उभ्या उभ्या, कुणाचा अपमान न होता पोट भरतं, अशी जागा या शहरात आता किती उरल्या? 1982 साली गिरण्यांचा संप झाला, गिरण्या गेल्या, आणि कित्येक गिरणी कामगारांच्या घरांनी वडापावच्या गाड्यांवर दिवस काढले. लोअर परळला गिरण्यांच्या जागी मॉल आले. तिथे वर फूडकोर्ट आहे, थंडगार हवा आहे. खालच्या दारावरचा वॉचमन मात्र दुपारी बाहेर येऊन गाडीवरच खातो. तो त्याच इमारतीत काम करतो, पण तिथलं सँडविच त्याच्या दिवसाच्या मजुरीचा मोठा लचका तोडतं. गाडी उचलली की तुमचं-माझं फार तर एक सँडविच चुकतं. त्याचं जेवण चुकतं, आणि पलीकडे गाडीवाल्याच्या घरची चूल.

तेव्हा पुढच्या सभेत तो ठराव आला की एक करा. विरोध करू नका. विरोध केला की सभा लांबते आणि चहा गार होतो. साधी दुरुस्ती सुचवा. ‘सँडविचवाल्यास हटवावे’ याऐवजी ‘सँडविचवाल्यास चालणाऱ्यांची वाट सोडून एक चौरस मीटर जागा पांढऱ्या रंगाने आखून द्यावी, जवळ एक नळ व कचऱ्याचा डबा द्यावा, आणि त्याचा परवाना गाडीवर लावावा, अशी विनंती या सभेतर्फे करण्यात येत आहे’ असं लिहून घ्या. खाली सह्या मागा. सही करायला कुरकुर करणाऱ्यांची नावं मला कळवायची गरज नाही. ती सँडविचवाल्याला पाठ असतात. कुणाला कांदा चालत नाही आणि कुणाला चीज जास्त लागतं, यासकट.